मायणीच्या तलावकाठी ट्रेल शूज : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

पाणथळ जागी धावायला बूट घेणार असाल तर वॉटरप्रूफ घेऊ नका. आत आलेलं पाणी झटपट बाहेर सोडणारा घ्या. पावसाळा, हिवाळा आणि आता उन्हाळा असे तिन्ही ऋतू एकाच जोडीवर धावून झाल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. बाकीचं बरंच सांगायचं आहे, पण ज्यांना तेवढंच हवंय त्यांच्यासाठी ते आधी सांगितलं.

मी राहते विट्याला, म्हणजे सांगली जिल्ह्यात. मायणीचा तलाव खटाव तालुक्यात, सातारा जिल्ह्यात. आमच्याकडून तो गाडीने जवळ, म्हणून सुट्टीच्या पहाटे तिकडेच जाणं होतं, अधूनमधून येरळवाडीच्या धरणाकडे. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घडणीचे बूट बऱ्याच कंपन्या विकतात आणि मला बोलायचंय ते घडणीबद्दल. वरचं कापड मोकळ्या विणीची जाळी. तळाला साधारण साडेचार मिलिमीटरचे दाते, त्यांच्यामध्ये मोकळी जागा भरपूर. दगड टोचू नये म्हणून मधल्या थरात एक पातळ पट्टी. जिभेच्या दोन्ही कडा आतून शिवलेल्या, त्यामुळे खडे सहज आत जात नाहीत. किंमत सहा हजारांच्या आत.

माझा मावसभाऊ माझ्यासोबत धावतो, त्याच्याकडे वॉटरप्रूफ पडद्याची जोडी आहे. त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच वाटेवर, एकाच पावसात शेजारी शेजारी बघायला मिळाले. ओल्या गवतातून जाताना त्याचे मोजे कोरडे राहतात, हे खरं. पण सांडव्याखालचा ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वर जातं आणि बुटाच्या तोंडातूनच आत शिरतं. मग जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तोच ते बाहेर जाऊ देत नाही. पुढचं सगळं अंतर तो दोन्ही पायांत पाणी वागवत धावतो, बूट जड होतो, आणि घरी गेल्यावर वाळायला दोन दिवस लागतात. माझ्या जाळीच्या बुटातलं पाणी ओढ्यापासून जरा लांब जाईपर्यंत पावलागणिक पिळून निघालेलं असतं. पाय ओला राहतो, पण पाण्यात बुडालेला राहत नाही. या दोन गोष्टींत फार फरक आहे. ओल्या कातडीला घासून फोड येतात, त्यावर उपाय म्हणजे सुती मोजे घालायचे नाहीत आणि बोटांना, टाचेला आधी व्हॅसलीन चोळायचं.

एक मात्र पाळा. पायाला कापलं असेल, भेग उघडी असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. जिथे गुरं बसतात, उंदीर फिरतात तिथल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि जाळीचा बूट त्यापासून काहीही संरक्षण देत नाही.

आता चिखल. खटाव-माण म्हणजे पर्जन्यछायेतला कमी पावसाचा मुलूख, त्यामुळे इथे चिखलाचा प्रश्न कसला, असं बाहेरच्यांना वाटतं. पण तलावाभोवती दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत आणि बुटाची खरी परीक्षा तिथेच होते. वरच्या अंगाला मुरमाड माळ. पाऊस कितीही पडो, तासाभरात पाणी मुरतं आणि दाते छान पकड धरतात. मुरमावर मला या बुटांबद्दल एकही तक्रार नाही, उतारावर सुद्धा नाही. तलावाच्या बाजूला उतरलं की काळी लागते. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे बारीक थर पाणी शोषून फुगतात आणि सुकले की आकसतात, म्हणूनच उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती कशालाही चिकटते. साडेचार मिलिमीटरचे दाते असोत नाहीतर सहाचे, शंभर पावलांत ते भरून जातात आणि तळाला मातीचा गोळा लागतो. मग पकड नाही, वजन दुप्पट, आणि गुडघ्याला झटके. दात्यांमध्ये अंतर जास्त असल्याने चालता चालता गोळा थोडा गळतो, मावसभावाच्या दाट दात्यांच्या बुटाचा तेवढाही गळत नाही. पण यापेक्षा जास्त अपेक्षा कुठल्याच बुटाकडून ठेवू नका. शेतकरी काळीत औत घालायला वाफसा येण्याची, म्हणजे चिकटपणा जाऊन माती नुसती ओलसर राहण्याची, वाट बघतात, धावणाऱ्यांनीही तेच करावं. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस माळावरच राहायचं. वाफसा आला की तीच काळी इतकी सुंदर मऊ होते की गुडघ्यांना त्याहून चांगली जमीन मला माहीत नाही.

हिवाळ्याच्या मध्यापासून पाणी मागे सरकायला लागतं आणि तळाचा गाळ उघडा पडतो. वरून पापुद्रा वाळलेला, भेगाळलेला, खाली ओला. तिथे मेंढरं चारणाऱ्या एका मामांनी मला थांबवलं होतं : "ताई, हिकडनं नगा जाऊ. वरनं वाळल्यागत दिसतंय, पर खाली गुडघाभर गाळ हाय." त्यांनी काठी खुपसून दाखवली, ती सहज आत गेली. तेव्हापासून, मार्चनंतर काठाला उतरले तरी, मेंढ्यांच्या खुरांचे ठसे जिथे खोल नाहीत, तेवढ्याच भागातून मी जाते. उघड्या पडलेल्या जमिनीत कुणी गाळपेर केलेली असेल तर तीही टाळते. हरभऱ्याचे कोवळे कोंब चटकन दिसत नाहीत, पण ते कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईचे असतात.

जाळीची खरी कमजोरी पावसाळ्यात कळत नाही, ती दसरा-दिवाळीनंतर कळते. कुसळं! माळावरचं गवत पिकलं की कुसळी जाळीच्या विणीतून आत शिरतात, मोज्यात अडकतात आणि पावलागणिक पुढे सरकत जातात. घरी येऊन चिमट्याने एकेक काढावी लागते. घोट्यावर घालायचे कापडी गेटर घेतल्यावर वरून येणारी कुसळं थांबली, पण चवड्याच्या जाळीतून येणारी अजूनही येतात. इथे मावसभावाचा वॉटरप्रूफ बूट सरस ठरला, हे मान्य करायलाच हवं. सराट्याच्या काट्यांना तळ अजिबात दाद देत नाही. वेड्या बाभळीचा काटा मात्र कडेने आत आला, पट्टी फक्त तळव्याखाली असते, बाजूला नाही. बाभळीच्या तोडलेल्या फांद्या पडल्या असतील तिथे चालत जायचं, बूट कुठलाही असला तरी.

आता बुटांइतकंच महत्त्वाचं. चिखलात चालणारा बूट पायात आला की माणूस पाण्याच्या कडेला जायला लागतो, आणि ही कडा धावणाऱ्यांची नाही. मायणीचा परिसर २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला आहे. संवर्धन राखीव ही तरतूद वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. कुठून जायला हरकत नाही हे मी वन विभागाच्या माणसांना विचारून घेतलं आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेवरच राहते, तुम्हीही आधी विचारा.

हिवाळ्यात या भागातल्या तलावांवर रोहित (फ्लेमिंगो) उतरतात, चक्रवाक, थापट्या, पट्टकदंब येतात. पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, ७,००० मीटरहून जास्त उंचीवर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. एवढं अंतर कापून आलेला पक्षी इथे पोट भरायला आणि परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायला थांबतो. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून गाळून खातो आणि उडण्याआधी त्याला पाण्यावर काही पावलं धावावं लागतं. म्हणजे आपण काठाने एकदा धावलो की अख्खा थवा खाणं सोडून, धावून, उडून, फेरी मारून पुन्हा बसणार, आणि प्रत्येक वेळी कमावलेलं काहीतरी खर्च होणार. गुरं आणि गुराखी रोजचे असतात, पक्षी त्यांना सरावलेले दिसतात. झपाट्याने येणारा, चमकदार टी-शर्ट घातलेला माणूस त्यांना दुरूनच खटकतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च मी माळाच्या वरच्या वाटेनेच धावते, मातकट रंगाचे कपडे घालते, आणि पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबते. मान वर होणं ही उडण्याआधीची खूण आहे. तिथेच थांबून मागे फिरलं तर ते पुन्हा खायला लागतात, हे मी बऱ्याचदा बघितलं आहे. त्या महिन्यांत या बुटांची चिखलातली कामगिरी कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग करायचा नाही.

उन्हाळ्यातही मोकळीक नाही. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर पुढे जाऊ नका, खाली बघत आल्या पावली मागे फिरा.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. दाते चवड्याखाली झिजलेत, टाचेचे अजून बरे आहेत. विटा-मायणी गाडीरस्त्यावर मी हे घालून धावत नाही, डांबर मऊ रबराचे दाते फार लवकर खातं. यवतेश्वर घाटात सराव करणाऱ्या साताऱ्याच्या धावपटूंनी त्यासाठी रस्त्याचे बूट वेगळेच ठेवावेत. उजव्या बुटाची जाळी करंगळीजवळ फाटायला लागली होती, ती चांभारदादांकडून आतून कापड लावून शिवून घेतली, अजून टिकली आहे. आतलं पायताण (इनसोल) ओलं झालं की पुढे सरकतं, ही या जोडीतली मला सर्वात न आवडलेली गोष्ट. ते काढून खरबरीत पाठीचं दुसरं घातलं आणि प्रश्न सुटला.

धुताना गरम पाणी नको, ब्रश नरम हवा. काळी माती वाळू द्या, मग झटका, निम्मं काम तिथेच होतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा आणि तासाभराने बोळे बदला. विट्याच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवले तर तळाचा गोंद सुटेल.

माप घेताना संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना घ्या, आणि नेहमीपेक्षा अर्धा आकार मोठा. ओला मोजा जाड होतो आणि उतारावर अंगठा पुढे आपटतो. पुढच्या पावसाळ्याआधी मी याच घडणीची दुसरी जोडी घेणार आहे, फक्त चवड्यावरची जाळी थोडी दाट विणीची मिळते का ते दुकानात बघणार आहे, कुसळांसाठी.