खूप घाम येतो त्यांच्यासाठी: सुती की ड्राय-फिट, डिओ की अँटीपर्स्पिरंट, आणि त्याच्या पुढचे उपाय

काहीही न करता नुसतं बसल्या बसल्या ज्यांच्या काखा भिजतात, फॉर्म भरताना ज्यांना हाताखाली रुमाल ठेवावा लागतो, कपडे घेताना आधी "यात घाम दिसेल का" हेच बघावं लागतं, त्यांच्यासाठी लिहितोय. मला तळहात आणि काखा दोन्हीकडे शाळेपासून आहे, त्यामुळे "घाम काय सगळ्यांनाच येतो" हे भरपूर ऐकून झालंय. सगळ्यांना येतो खरं, पण शरीर गार ठेवायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त येत असेल तर त्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात, तो त्रास खरा आहे, त्याला उपचार आहेत, आणि त्यात आंघोळ कमी करणं, घाबरट असणं वगैरे काहीही नसतं.

काय घ्यायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा, तुम्हाला नेमकं छळतंय काय. अंग ओलं राहतं ते, कपड्यावर दिसतं ते, की वास येतो तो? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि बहुतेक जण तिन्हीवर एकच औषध शोधतात, म्हणून पैसे जातात आणि हाती काही लागत नाही. ज्याला वासाचा त्रास नाही तो डिओवर डिओ मारत बसतो, आणि ज्याला फक्त वासाचा त्रास आहे तो काळे शर्ट घेत सुटतो. तळहाताचा घाम तर जवळजवळ वास नसलेलाच असतो, तिथे सुगंधाचा काही उपयोगच नाही.

आता कापड. "सुतीच घाल" हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच बरोबर आहे. कापूस पाणी पितो, साध्या हवेतसुद्धा आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. त्यामुळे घाम थोडा किंवा मध्यम असेल तर पातळ, सैल सुती शर्टासारखं सुख नाही. पण आपल्यासारख्यांचा घाम त्या कापडाच्या क्षमतेच्या पुढे जातो, आणि एकदा का सुती कापड भिजलं की ते तासन् तास ओलं राहतं, जड होतं, अंगाला चिकटतं, थंड जागेत गेलात की हुडहुडी भरते. जाड सुती टी-शर्ट तर यात सगळ्यात वाईट, डाग उठून दिसतो आणि वाळता वाळत नाही.

ड्राय-फिट म्हणून जे मिळतं ते बहुतेक पॉलिस्टर असतं. त्याचा धागा पाणी पीत नाही, विणीमुळे घाम कापडावर पसरतो आणि पसरला की लवकर उडून जातो. म्हणजे ओलेपणाचा त्रास असेल तर हे सुतीपेक्षा नक्की बरं. पण अंगातलं तेल पॉलिस्टरला घट्ट धरून बसतं आणि वास त्यातच मुरतो, धुतलेला टी-शर्ट घालून अर्ध्या तासात पुन्हा कालचा वास येतो ना, तो हाच. शिवाय साधं पॉलिस्टर, म्हणजे ऑफिसच्या शर्टांचं दाट विणीचं, त्याला ड्राय-फिट समजू नका, त्यात हवाच खेळत नाही.

लिननबद्दल मात्र मी भरभरून बोलेन कारण घाम येणाऱ्याला इतकं सोयीचं कापड कमी आहे. ते सुतीपेक्षाही जास्त ओलावा घेतं तरी लवकर वाळतं, आणि थोडं कडक असल्यामुळे अंगापासून सुटं राहतं, मधून हवा जाते. चुरगळतं, तेवढं चालवून घ्यायचं. व्हिस्कोस किंवा रेयॉन हाताला मऊ लागतं, ओलावाही भरपूर घेतं, पण भिजलं की अंगाला लपेटून बसतं आणि डाग स्पष्ट दिसतो, म्हणून काखेत घाम येणाऱ्याने त्यापासून जरा लांबच राहावं. पातळ मेरिनो लोकर ऐकून विचित्र वाटेल, पण ती बराच ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही आणि वास सगळ्यात कमी धरते. महाग पडते आणि धुताना जपावं लागतं, म्हणून सगळं कपाट लोकरीचं करायची गरज नाही, आत घालायचा एखादा टी-शर्ट आणि मोजे एवढं पुष्कळ.

रंगाचं सोपं आहे. कापड भिजलं की गडद होतं, आणि हा फरक मधल्या छटांवर सगळ्यात जास्त कळतो. राखाडी, त्यातही तो मिक्स धाग्याचा राखाडी, फिकट निळा, खाकी हे टाळा. गडद नेव्ही, काळा, नाहीतर पांढरा हे चालतात, फक्त पांढरा पातळ असेल तर भिजल्यावर आरपार दिसतो आणि काळ्यावर घाम वाळला की मिठाची पांढरी रेघ राहते. बारीक दाट प्रिंट हा मला सगळ्यात उपयोगी पर्याय वाटतो, डोळा डागावर ठरतच नाही.

फिटिंगकडे लोक बघतच नाहीत. बाहीचं भोक काखेत घट्ट असेल तर कापड कुठलंही घ्या, ते भिजणारच, कारण ते सतत चिकटलेलं असतं. ट्रायल घेताना हात वर करून बघा, काखेत बोटभर तरी जागा हवी.

बाहेरून डाग दिसू नये हा एवढाच प्रश्न असेल तर आतला थर सगळ्यात जास्त काम करतो. साधं बिनबाह्यांचं बनियन काखेसाठी निरुपयोगी, कारण घाम जिथे येतो तिथे त्याचं कापडच नसतं, हे इतकं उघड आहे तरी वर्षानुवर्षं तेच घातलं जातं! अर्ध्या बाहीचं, अंगासरशी बसणारं, पातळ असं घ्या आणि वरचा शर्ट सैल. काखेत जादा थर किंवा वॉटरप्रूफ पट्टी शिवलेले अंडरशर्ट पण मिळतात, ते डाग खरंच अडवतात, पण ओलावा आतच राहतो, त्यामुळे मीटिंग, लग्न, इंटरव्ह्यू अशा काही तासांसाठी उत्तम, दिवसभर रोज घातले तर काखेत चुरचुर होऊ शकते. कपड्याला आतून चिकटवायचे स्वेट पॅड त्याहून स्वस्त पर्याय, बाहीच्या ब्लाउज-टॉपला बरे बसतात, पण खूप घाम असेल तर मध्येच सुटतात, म्हणून बॅगेत जादा जोडी ठेवायची. आणि खरं सांगायचं तर बॅगेत एक जादा शर्ट ठेवण्याएवढी निश्चिंती यातलं काहीच देत नाही.

मोजे पूर्ण सुती नकोत, लोकर-मिश्रित किंवा स्पोर्ट्सचे घ्या, आणि तेच बूट रोज घालू नका, एक दिवस वाळू द्या. पाय सतत ओले राहिले की बुरशी होते आणि तळव्याला बारीक खड्डे पडून घाण वास येतो, तो बॅक्टेरियाचा प्रकार असतो आणि डॉक्टरांच्या औषधाने बरा होतो.

आता डिओ की अँटीपर्स्पिरंट. डिओ वास झाकतो आणि वास करणारे बॅक्टेरिया कमी करतो, घाम एक थेंबही थांबवत नाही. अँटीपर्स्पिरंटमध्ये अॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरता बूच बसवतात. डब्यांवरची नावं इतकी सारखी असतात की मागचं लेबल वाचल्याशिवाय घेऊच नका. आणि हे रात्री लावायचं. सकाळी आंघोळ करून घाईत लावलं की घाम सुरू झालेला असतो, औषध वाहून जातं, आणि माणूस म्हणतो याचा काही उपयोग नाही. रात्री घाम सगळ्यात कमी असतो, तेव्हा कोरड्या कातडीवर लावायचं, सकाळी धुवून टाकायचं, असर राहतो. आधी काही दिवस रोज रात्री, मग जमेल तसं अंतर वाढवत न्यायचं.

साध्याने भागलं नाही तर १० ते २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन किंवा रोल-ऑन असतं, ते बरंच जोरकस. आग होते हीच त्याची मुख्य तक्रार, आणि ती बहुतेक वेळा ओल्या काखेत किंवा नुकते केस काढल्यावर लावल्याने होते, कारण पाण्याशी गाठ पडली की त्यातून आम्ल तयार होतं. किडनीचा आजार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा. याने स्तनाचा कॅन्सर होतो अशी भीती फिरत असते, तसं ठोसपणे सिद्ध झालेलं नाही. पावडर चिकटपणा जरा कमी करते, जास्त घामात तिचा लगदा होतो, बास.

पांढऱ्या शर्टाच्या काखेतला पिवळा डाग नुसत्या घामाचा नसतो, घाम आणि अॅल्युमिनियम मिळून तो होतो, आणि क्लोरीनवालं ब्लीच टाकलं की अजून पिवळा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा व्हिनेगर वापरून बघा, आणि डाग गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. ड्राय-फिट कपड्यांना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर बसला की घाम पसरायचं काम बंद पडतं.

एवढं सगळं करूनही रोजचं जगणं घामाभोवतीच फिरत असेल तर कपड्यांवर अजून पैसे घालण्यापेक्षा स्किनच्या डॉक्टरकडे जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तिथे काय काय पुढ्यात येईल ते घाम कुठे येतो त्यावर ठरतं.

तळहात-तळपाय असतील तर आयन्टोफोरेसिस हा मी सगळ्यात आधी विचारीन असा उपाय. नळाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवायचे, त्यातून सौम्य वीजप्रवाह जातो, २०-३० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनेक वेळा, काही आठवड्यांत फरक पडला की मग आठवड्याला एकदा वगैरे. मुंग्या येतात, कातडी कोरडी पडते, जखम असेल तिथे चांगलंच झोंबतं. चिकाटी लागते हाच मोठा तोटा, सोडलं की घाम परत. पेसमेकर असेल, गरोदर असाल, अंगात धातूचं इम्प्लांट असेल तर हे नाही.

काखांसाठी बोटॉक्स, म्हणजे घामाच्या ग्रंथींना मिळणारा नसांचा संदेश काही काळ अडवणारं इंजेक्शन. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) २००४ मध्ये काखेच्या तीव्र घामासाठी त्याला मान्यता दिली, म्हणजे हा काही काल-परवाचा प्रयोग नाही. कातडीच्या वरच्या थरात बारीक बारीक बऱ्याच सुया, आठवडा-दोन आठवड्यांत घाम आटतो, साधारण ४ ते १२ महिने टिकतं, मग पुन्हा. काखेत सोसवतं, तळहातात मात्र जबर दुखतं आणि काही आठवडे पकड ढिली होऊ शकते, त्यामुळे ज्यांचं काम बोटांचं आहे त्यांनी नीट विचार करा. मायक्रोवेव्हने काखेतल्या घामाच्या ग्रंथीच जाळायचा उपचारही आहे, त्या परत येत नाहीत म्हणून असर टिकाऊ, पण सूज आणि बधिरपणा काही आठवडेही राहू शकतो आणि तो फक्त काखेपुरताच आहे.

सगळ्या अंगाला किंवा चेहऱ्याला घाम असेल तर गोळ्या, ग्लायकोपायरोलेट नाहीतर ऑक्सिब्युटिनिन. या घाम आटवतात तसं तोंडही कोरडं पाडतात, बद्धकोष्ठता, धूसर दिसणं, लघवी अडणं हेही होतं, आणि उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याला घामच येईनासा झाला तर उष्माघाताचा धोका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगा. रोज घेण्यापेक्षा महत्त्वाच्या दिवसापुरती घ्यायची, असंही काही डॉक्टर करू देतात, विचारून बघा.

ऑपरेशन, म्हणजे छातीतली सिम्पथेटिक नस (घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारी मज्जा) कापणं किंवा तिला क्लिप लावणं, याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. तळहात लगेच कोरडे होतात हे खरं, आणि तेवढंच ऐकून लोक हरखून जातात. पण त्यानंतर पाठ, पोट, मांड्या इथे नव्याने घाम सुटणं खूप जणांना होतं, कधी कधी मूळ त्रासापेक्षा जास्त, आणि कापलेली नस परत जोडता येत नाही. बाकी सगळं करून थकल्याशिवाय या वाटेला जाऊ नका, आणि हा नव्याने सुटणारा "भरपाईचा घाम" किती जणांना झाला हे त्या सर्जनला तोंडावर विचारा.

एक फरक ओळखायला हवा. लहानपणी किंवा वयात येताना सुरू झालेला, दोन्ही बाजूंना सारखा, झोपेत थांबणारा, घरात आणखी कुणाला तरी असलेला घाम हा बहुतेक वेळा आपला नेहमीचा प्रकार. पण मोठेपणी अचानक सुरू झाला, झोपेत अंथरूण भिजतंय, एकाच बाजूला येतोय, वजन उतरतंय, ताप येतोय, छातीत धडधडतंय, तर आधी तपासणी, कपडे नंतर. थायरॉइड, साखर खाली जाणं, टीबीसारखा संसर्ग, पाळी जायचं वय, यातलं काहीही असू शकतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण घाम वाढतो, त्या आपल्या मनाने बंद करू नका, पण घेताय त्या सगळ्या औषधांची यादी, घाम कुठे कुठे येतो, कधीपासून येतो आणि त्यापायी काय काय करायचं सोडलंय, हे कागदावर लिहून सोबत न्या, कारण दवाखान्यात गेल्यावर निम्मं सांगायचं राहून जातं.