गॅलिलिओची उतरती पन्हळ : सहा महिन्यांच्या वापरानंतर

उंचावरून दोन वजनं सोडली की एवढंच कळतं, आधी कोण पोचलं. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेविनने १५८६ मध्ये छापलेल्या वर्णनात शिशाचे दोन गोळे आहेत, एक दुसऱ्याच्या दहापट जड. ३० फुटांवरून ते फळीवर पडले तेव्हा आवाज एकच आला. जड वस्तू वजनाच्या प्रमाणात लवकर पडते, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं तिथे टिकत नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस या तत्त्वज्ञानेही तेच बजावलं होतं. पण पडताना वेग वाढतो कसा, हे फळीवरच्या आवाजातून कळत नाही. त्यासाठी पडणंच संथ करावं लागतं, आणि ते काम उतरती पन्हळ करते: तिच्या खाचेतून गोळी हळूहळू घरंगळत येते.

गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात वर्णन केलेली पन्हळ लाकडी होती. तिची खाच चर्मपत्राने गुळगुळीत केलेली आणि गोळी काशाची. सहा महिने वापरात असलेला संच त्याहून साधा आहे: २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा एल-अँगल, ‘व्ही’सारखा उघडा ठेवलेला, २४० सेमी लांब. बेअरिंगची २५ मिमीची पोलादी गोळी. वरचं टोक ८ सेमी उचललेलं. वेळ मोजायला तळाशी ३ मिमीचं भोक असलेली रुंद बादली. गोळी सुटताना भोकावरचं बोट काढायचं, खालच्या अडसरावर ‘टक्’ झालं की पुन्हा ठेवायचं आणि पडलेलं पाणी तोलायचं. पाण्याची उंची २० सेमी असताना सेकंदाला साधारण ८.५ ग्रॅम पाणी येतं. २५, १०० आणि २२५ सेमी अंतरांना सुमारे १४, २८ आणि ४२ ग्रॅम. अंतरं १:४:९, वेळा १:२:३, म्हणजे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं; हाच वर्गाचा नियम. घड्याळ न वापरता हे आकडे वजनकाट्यावर उमटताना बघणं, हा या संचाचा खरा आनंद. काटा मात्र ०.१ ग्रॅमचा हवा. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर १४ ग्रॅममध्येच ७ टक्क्यांची चूक शिरते.

बादलीऐवजी एक लिटरची बाटली घेऊ नका. पाचेक फेऱ्यांत पातळी ४ सेमी उतरते, धार दहा टक्क्यांनी मंदावते, आणि शेवटच्या वेळा उगाच लहान दिसतात.

सर्वांत जास्त त्रास देतो तो झोळ. अँगल फक्त दोन्ही टोकांना टेकवला की मधे ३ मिमी वाकतो. मग वरच्या अर्ध्या भागात ४३ मिमी उतार आणि खालच्या अर्ध्यात ३७. गोळी सुरुवातीला घाई करते, पुढे रेंगाळते, आणि वर्गाचा नियम मोडल्यासारखा दिसतो. दोरा ताणून रेष बघा आणि मधे तिसरा टेकू द्या. दोन तुकडे जोडून लांबी वाढवायचा मोह टाळा, सांध्यावरची कड गोळीला उडवते. गोळी बोटाने सोडू नका, नकळत धक्का बसतो. तिच्यापुढे पट्टी धरा आणि ती पन्हळीच्या दिशेने पुढे झटकन काढा.

आता टेबल टेनिसचा चेंडू. तो पोलादी गोळीपेक्षा १४ टक्के उशिरा पोचतो, आणि बघणारे लगेच म्हणतात, ‘बघा, हलकं हळूच पडतं!’ ही या संचातली सर्वांत मोठी फसगत. कारण वजनाचं नाही, पोकळपणाचं आहे: वस्तुमान सगळं कडेला असल्याने फिरवायला जास्त जोर लागतो. काचेची भरीव गोटी पोलादाबरोबरच येते. ती जोडी आधी दाखवा, चेंडू नंतर. अशाच कारणाने ९० अंशांच्या खाचेत भरीव गोळीचं त्वरण (वेग वाढण्याचा दर) घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूच्या ५/९ च असतं. g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) काढायला बसलात तर तो गुणक लावा, नाहीतर ९.८ ऐवजी ५.४ च्या आसपासचा आकडा येईल.

संचातली सर्वांत स्वस्त सोय सर्वांत चांगली निघाली. १५, ६०, १३५ आणि २४० सेमीवर अडथळे ठेवायचे: पहिल्या तिन्हींवर अँगलभोवती पातळ शिवणाचा दोरा गुंडाळा, शेवटी अडसर. टप्पे १:३:५:७ होतात आणि टकटक सारख्या अंतराने ऐकू येते, दर सुमारे १.३ सेकंदाला. दोरे ६०, १२०, १८० वर सरकवा, टकटक जवळ जवळ येत जाते. जाड सुतळी नको, ती पहिल्याच उडीला वेग खाते.

हे कानांनी कळलं की गॅलिलिओने १६०४ मध्ये व्हेनिसच्या पाओलो सार्पी या विद्वानाला लिहिलेल्या पत्राचं महत्त्व उमगतं. त्यात त्याच्याजवळ वर्गाचा नियम बरोबर होता, पण वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं त्याने गृहीत धरलं होतं. तो काळाच्या प्रमाणात वाढतो, हे त्याने नंतर ठरवलं. वेग अंतराच्याच प्रमाणात असता तर शून्य अंतरावर तोही शून्य राहिला असता, आणि पट्टी काढल्यावर गोळी हललीच नसती.