कॅमेरा बिघडला तर: घरची तपासणी, जिल्ह्यातला कारागीर की कंपनीचे सर्व्हिस सेंटर?

कोकणात कॅमेरा बिघडला की दुरुस्तीच्या हिशेबात सुटे भाग आणि मजुरी एवढेच धरून भागत नाही. मालवण, देवगड, गुहागर किंवा हर्णै येथे राहणाऱ्याला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडे किंवा थेट मुंबईकडे पाहावे लागते, आणि मग कुरिअरचा खर्च, प्रवासात मोडलेला दिवस व कॅमेऱ्याविना गेलेले आठवडे हेही त्याच बिलात मोजावे लागतात. म्हणून कॅमेरा हातातून सोडण्यापूर्वी दोष बॅटरीत आहे, कार्डात आहे, लेन्समध्ये आहे की बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, एवढे घरीच ठरवून घ्यावे. त्याची रीत सोपी आहे. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि दोष त्या वस्तूबरोबर जातो की कॅमेऱ्यातच राहतो, हे पाहावे. दोष बाहेरच्या वस्तूबरोबर गेला तर काम बहुतेक घरीच संपते. तो बॉडीत राहिला, तरच कारागीर, कंपनी की दुसरी बॉडी हा प्रश्न उभा राहतो.

घरी काय ठरवता येते

कॅमेरा चालूच होत नाही, ही तक्रार ऐकायला सर्वांत गंभीर वाटते. पण घरच्या तपासणीने सर्वाधिक पैसे वाचतात ते याच तक्रारीत. पूर्ण चार्ज केलेली दुसरी बॅटरी घालून पाहावी. स्वतःजवळ नसेल तर त्याच मॉडेलचा कॅमेरा वापरणाऱ्या परिचिताची थोड्या वेळासाठी मागून घ्यावी. त्यानंतर बॅटरीच्या कप्प्यात मोबाइलचा टॉर्च धरून आतील धातूचे संपर्कबिंदू पाहावेत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट किंवा पांढुरका थर बसतो आणि तेवढ्यानेही वीजपुरवठा तुटतो. हा थर काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. ते तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. कापसाची काडी त्यात किंचित ओली करून बिंदू हलक्या हाताने पुसावेत आणि कप्पा पूर्ण कोरडा झाल्यावरच बॅटरी घालावी. पेट्रोल, थिनर किंवा अत्तर यांचा वापर करू नये. खोडरबरानेही बिंदू साफ होतात, परंतु त्याचा भुगा आत राहतो आणि वरचा पातळ मुलामा झिजतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

आणखी एक जागा सहसा कोणी पाहत नाही. बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा लहानसा उंचवटा असतो. झाकण बंद होताच तो आतले छोटे बटण दाबतो आणि झाकण लागल्याची खूण कॅमेऱ्याला मिळते. हा उंचवटा मोडला असेल तर बॅटरी, चार्जर आणि बॉडी उत्तम असूनही कॅमेरा मुका राहतो. अशा वेळी मोठ्या दुरुस्तीची गरज नसते, झाकण बदलले की काम होते. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर ती बळेच आत बसवू नये आणि चार्जही करू नये. तिचा वापर तेथेच थांबवावा.

कार्डाची तक्रार याहून सरळ आहे. कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘एरर 02’ असे आले तर कॅमेरा कार्डापर्यंत पोहोचू शकत नाही, असा त्याचा अर्थ असतो. एसडी कार्डाच्या कडेला असलेली कुलपाची पट्टी सैल झाली असेल तर कार्ड आत सरकवताना ती खाली घसरते आणि कॅमेरा नवे छायाचित्र नोंदवू देत नाही. जुने कॅमेरे 32 जीबीपर्यंतचीच कार्डे ओळखतात, त्यामुळे नव्याने घेतलेले 64 जीबीचे कार्ड न चालणे हा कॅमेऱ्याचा दोष ठरत नाही. कार्ड फॉरमॅट करण्याआधी त्यातली छायाचित्रे संगणकावर उतरवावीत. ती दिसतच नसतील तर त्या कार्डावर पुढे काहीही टिपू नये, कारण नवी नोंद जुन्या छायाचित्रांवर चढते. ‘फोटोरेक’सारखे मोफत सॉफ्टवेअर अशा वेळी बरेच काही परत मिळवून देते.

लेन्स आणि बॉडी यांतील दोष वेगळा काढणे मात्र काळजीचे काम आहे, आणि येथे घाई केल्यास नको त्या वस्तूची दुरुस्ती होते. कॅननचा ‘एरर 01’ लेन्स आणि बॉडी यांच्यातील संपर्क तुटल्याचे सांगतो. प्रथम माउंटवरचे, म्हणजे लेन्स जोडण्याच्या जागेवरचे, सोनेरी बिंदू साफ करावेत, मग दुसरी लेन्स लावून पाहावी. निकॉनवर ‘एफईई’ अशी अक्षरे आली आणि लेन्सवर अॅपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची) जुनी कडी असेल, तर ती कडी सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन अडकवली की अडचण बहुधा सुटते. छायाचित्रे अकारण पांढरी येत असतील तर एकच दृश्य आधी अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून आणि नंतर ते बरेच लहान करून, एफ/11 वर, टिपावे. पहिले बरोबर आणि दुसरे फार उजळ आले, तर बहुधा लेन्समधील अॅपर्चरच्या पाती अडकल्या आहेत आणि बॉडीला लगेच हात लावण्याचे कारण नाही. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरने (खिडकीला डोळा लावून) आणि लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करण्याच्या यंत्रणा सहसा वेगळ्या असतात. लाइव्ह व्ह्यूत चित्र तीक्ष्ण आणि व्ह्यूफाइंडरने घेतलेले मऊ येत असेल, तर लेन्सच्या काचा दुरुस्त करून उपयोग होणार नाही. बॉडीतील फोकसची जुळणी पाहून घ्यावी लागेल.

शटरची, म्हणजे छायाचित्र टिपताना क्षणभर उघडणाऱ्या पडद्याची, खात्रीही अशीच करावी. फ्लॅश बंद ठेवून 1/4000 सेकंदाच्या वेगाने उजळ आकाश टिपावे. चित्रात काळा पट्टा आला तर शटरचा पडदा थकला आहे. फ्लॅश लावल्यावरच पट्टा येत असेल तर वेग फ्लॅशच्या मर्यादेपलीकडे गेला आहे. तो 1/200 च्या खाली आणला की पट्टा सहसा जातो.

काही तक्रारी तर बिघाडच नसतात, आणि त्यांच्यासाठी कोणी मुंबईपर्यंत कॅमेरा पाठवला की मनापासून वाईट वाटते. वातानुकूलित खोलीतून तारकर्लीच्या किनाऱ्यावर कॅमेरा काढताच लेन्स धुकटते; कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेइतका उबदार होऊ दिला की धुके धरत नाही. दशावताराच्या रात्री मंद प्रकाशात फोकस पुढेमागे हिंदकळणे हेही स्वाभाविक आहे. अनेक दिवस पडून राहिलेल्या कॅमेऱ्यातील तारीख पुसली जाते, कारण घड्याळासाठीची आतली लहान बॅटरी उतरते. बऱ्याच मॉडेलांत चार्ज केलेली मुख्य बॅटरी एक-दोन दिवस आत ठेवली की ती पुन्हा भरते.

घरच्या तपासणीची सीमा स्क्रूपाशी संपते. ज्या कॅमेऱ्यात अंगचा फ्लॅश आहे त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्टचा दाब असू शकतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो टिकतो. घरी बॉडी उघडल्याने वॉरंटी जाते हे तर आहेच, पण त्याहून मोठा धोका माणसाच्या जिवाला आहे.

कारागीर आणि कंपनी

वॉरंटी शिल्लक असेल तर निर्णय सोपा आहे: कॅमेरा कंपनीकडेच जावा आणि तोपर्यंत कोणत्याही कारागिराने तो उघडू नये. मात्र पाणी, वाळू आणि पडझड यांनी झालेले नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्याला भारतातील वॉरंटी लागू आहे का, हेही आधी विचारून घ्यावे. वॉरंटी संपल्यावर कंपनीची बाजू दोन बाबतींत भक्कम राहते. मूळ सुटे भाग आणि फोकसच्या जुळणीची उपकरणे तिच्याकडे असतात, त्यामुळे शटर, मुख्य सर्किट किंवा फोकसची जुळणी ही कामे तिच्याकडेच द्यावीत, असे माझे मत आहे. तिची उणी बाजू म्हणजे ती अनेकदा लहान भाग दुरुस्त न करता पूर्ण जोडणीच बदलते आणि खर्च त्या प्रमाणात वाढतो. शिवाय मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली की भागच मिळत नाहीत. कॅसिओने 2018 मध्ये कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरे थांबवले, ऑलिम्पसने 2021 च्या आरंभी कॅमेऱ्यांचा व्यवसाय दुसऱ्याकडे सोपवला; असे कॅमेरे आजही अनेक घरांत आहेत आणि त्यांच्यासाठी अनुभवी कारागीरच अधिक उपयोगी पडतो.

कारागिराचे खरे महत्त्व समुद्राच्या पाण्यात कळते. होडीतून उतरताना कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडला तर तो चालू करून पाहण्याचा मोह टाळावा, बॅटरी आणि कार्ड तत्काळ बाहेर काढावे. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने बाहेरचे पाणी कदाचित सुकेल, परंतु मीठ आतच राहते. ते हवेतील दमटपणा पुन्हा ओढून घेते आणि सर्किटवरचा तांब्याचा भाग गंजत राहतो. येथे वेळच सर्वांत मोलाचा असल्यामुळे रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळ यांसारख्या ठिकाणी त्याच दिवशी कॅमेरा उघडून मीठ धुऊन काढणारा जाणकार भेटला, तर आठवड्याने पोहोचणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरपेक्षा तो श्रेयस्कर आहे. तरीही असा कॅमेरा पूर्ववत विश्वासाचा होईलच असे नाही, म्हणून त्यावर मोठी रक्कम घालण्यास मी तयार होणार नाही.

बुरशीचे उत्तर तिच्या जागेवर अवलंबून असते. लेन्सच्या दोन्ही बाजूंची झाकणे काढून, अॅपर्चर उघडे ठेवून एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च धरावा आणि दुसऱ्या टोकाकडून थोडे तिरके पाहावे. बुरशी असेल तर काचेच्या कडेकडून आत शिरलेले कोळिष्टकासारखे बारीक पांढरे तंतू स्पष्ट दिसतात. ते पुढच्या किंवा मागच्या काचेपुरते असतील तर चांगला कारागीर ते स्वच्छ करतो. मधल्या काचांपर्यंत गेले असतील तर लेन्स पूर्ण उघडून पुन्हा जुळवावी लागते, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो पुसून परत येत नाही. बॉडीसोबत मिळणारी 18-55 मिलिमीटरची साधी लेन्स असेल तर साफसफाईऐवजी दुसरी वापरलेली, स्वच्छ लेन्स घेणे बहुधा स्वस्त पडते. महाग लेन्सवर मात्र हा खर्च अवश्य करावा.

दोघांपैकी कोणाकडेही गेलात तरी अंदाजपत्रक लेखी घ्यावे. दुरुस्ती नाकारल्यास तपासणीचे किती पैसे द्यावे लागतील, बदललेला जुना भाग परत मिळेल का आणि केलेल्या कामाची हमी किती काळाची आहे, हे तीन प्रश्न आधीच विचारावेत, आणि पावतीवर बॉडीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. पुढे वाद झाला तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेविरुद्धही दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पावतीशिवाय या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही.

कधी पाठवावा, कधी सोडून द्यावा

लग्नांची कामे करणाऱ्या छायाचित्रकाराचा कॅमेरा चातुर्मासात पिशवीत पडून राहतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत हवा इतकी ओली असते की बुरशीला आणखी काही लागत नाही. त्यामुळे शिमग्याच्या गुलालाने सेन्सरवर बसलेली धूळ किंवा शटरची कुरकुर असेल तर आषाढातच कॅमेरा दुरुस्तीला द्यावा, म्हणजे तो गणपतीपूर्वी हातात येण्याची शक्यता राहते. ही वेळ हुकली तर गणपतीनंतर मुंबईला परतणाऱ्या घरच्या माणसाबरोबर तो पाठवणे कुरिअरपेक्षा बरे, कारण ते माणूस काउंटरवर उभे राहून तक्रार समजावून सांगू शकते. बॅटरीविषयी तक्रार नसेल तर बॅटरी, कार्ड आणि पट्टा घरीच ठेवावा.

खर्चाची मर्यादा मी अशी धरतो: अंदाजपत्रक त्याच मॉडेलच्या चांगल्या वापरलेल्या बॉडीच्या किमतीच्या निम्म्यापलीकडे गेले, तर दुरुस्ती करू नये. अपवाद, फक्त शटर थकलेल्या पण बाकी सर्व भाग निर्दोष असलेल्या बॉडीचा. नवे शटर बसलेली ओळखीची बॉडी अनोळखी बॉडीपेक्षा अधिक भरवशाची असते. निकॉन डी850 च्या शटरची चाचणी 2,00,000 आणि कॅनन 5डी मार्क 4 च्या शटरची 1,50,000 वेळा उघडझाप करून झालेली आहे, तेव्हा वापरलेली बॉडी घेताना झालेल्या क्लिकची संख्या त्या मॉडेलच्या अशा आकड्याशी ताडून पाहावी. किनाऱ्यावरच वापरलेली बॉडी असेल तर पट्टा अडकवण्याच्या कड्या, फ्लॅश लावण्याची खाच आणि तळाचे स्क्रू पाहावेत. त्यांवर गंज दिसला तर क्लिक कितीही कमी असोत, ती बॉडी घेऊ नये.