सीटवर दव होतं, इंजिन गरम होतं

गाडीतलं मला काही कळत नाही, अशातला भाग नाही. अठरा वर्षं मोटारसायकल चालवतोय, प्लग काढून घासतो, चेन घरीच ओढतो. तरी जुनी गाडी विकत घेताना ५३,३५० रुपयांना बुडालो. घरी सांगताना मान वर होईना. पण ती विकणाऱ्यानंच आमच्या भागातल्या आणखी दोघांना फसवल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

दिवाळीनंतर सोयाबीन लातूरच्या आडतीवर घातलं, पट्टी हातात आली. जुनी गाडी रोज दुधाचे कॅन वाहून खिळखिळी झाली होती. मेव्हण्याच्या ओळखीनं एका गाडीवाल्याकडं स्प्लेंडर बघितली. एमएच २४ पासिंग, २०१८ चं मॉडेल, मीटरवर १८,६४० किलोमीटर. त्यानं ४८,००० सांगितले, ४३,५०० ला सौदा ठरला. ५,००० फोनवरून टाकले, ३८,५०० रोख मोजले. पावती मागितली तर म्हणाला, "मामा, आपल्यात कसली पावती?" मेव्हणा शेजारी उभा, मग मी काय ताणणार?

आता जे रात्री आठवून झोप लागत नाही ते सांगतो. सकाळचे साडेसात. सीटवर दवाचे थेंब तसेच, टाकी गारठलेली. आणि इंजिनजवळ हात नेला तर चटका बसला. विचारलं, "चालवली का आत्ता?" तो म्हणाला, "पेट्रोल टाकून आणली ना, मामा." अरे, सीटवर दव न मोडता पंपावर गेलं कोण? माझ्या डोळ्यांसमोर होतं ते! मी येणार म्हणून त्यानं गाडी जागेवरच तापवून ठेवली होती. गार इंजिन सुरू करताना निळा धूर निघतो, खडखड ऐकू येते, तीच लपवायची होती. मी मान डोलावली आणि चक्कर मारायला निघालो.

गिअरच्या लिव्हरचं रबर झिजून लोखंड दिसत होतं, पायदानाची रबरं गुळगुळीत. १८,००० किलोमीटरला असं होत नाही. मीटर कितीही मागं फिरवता येतो, रबर नवं करायला मात्र हे लोक विसरतात. रबरं बघा. गाडी बघायला जाताना वेळ आधी सांगूच नका, आणि इंजिन गरम लागलं तर सरळ माघारी फिरा.

आठव्या दिवशी चढावर दम तुटला, धूर सुटला. मिस्त्रीनं खोललं तर आत डांबरासारखं जाड ऑइल, आवाज दाबायला घातलेलं. पिस्टनला रेघा. बोअर-पिस्टन आणि मजुरी मिळून ९,८५० गेले.

तेवढ्यावर भागलं असतं तरी गप्प बसलो असतो. दीड महिन्यानं फायनान्सची माणसं दारात. मूळ मालकानं हप्ते थकवलेले. मला आरसीची, म्हणजे नोंदणीपत्राची, पुढच्या बाजूचीच झेरॉक्स दाखवली होती, कर्जाची नोंद मागच्या बाजूला. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सही करून दिले, ते बघून मी निर्धास्त झालो. पण कर्ज उतरवायला ३५ नंबरचा फॉर्म आणि फायनान्सची एनओसी लागते, आणि ती "आठ दिवसांत येईल" होती. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पैसे देण्याआधी टाका, देऊन झाल्यावर नाही. चेसिसचा नंबर पेन्सिलनं कागदावर उतरवून आरसीशी ताडून बघा. गाडी फायनान्सवाले घेऊन गेले.

गाडीवाल्याकडं गेलो तर म्हणतो, "मी नुसता मध्यस्थ, मामा. आरसीवाल्याला विचारा."

आमच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर "व्यवहार तिकडचा, तिकडं जा." तिकडं गेलो, तर "हा दिवाणी मामला, कोर्टात जा." तीन फेऱ्या, तीन दिवस दुधाची खोटी. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते असं लिहिलंय. ते दाखवलं तर हवालदार म्हणाला, "वकील आहात का?" फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, ते काय पुस्तकात ठेवायला? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं. याच्याकडं ते आहे का, एवढंच विचारायला त्या खात्याच्या कार्यालयात गेलो. एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून जेवणाच्या सुट्टीवर. शेवटी बाहेरच्या एजंटानं सल्ला दिला, "सोडा की काका." कशाला सोडू? माझे ५३,३५० आहेत ते!

ठाण्यात कुणी ऐकलं नाही तर लेखी अर्ज एसपींकडं पोस्टानं पाठवता येतो. मी रजिस्टर पोस्टानं पाठवलाय, सोबत ५,००० च्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट जोडलाय. रोख ३८,५०० चा पुरावा कुठून आणू? पोहोच आली, फोन अजून नाही. दूध भावकीतल्या पोराच्या गाडीवर जातंय, एका फेरीला ६० रुपये.