डेस्कफ्लो: एका कीबोर्ड-माउसवर तीन कॉम्प्युटर, काही महिन्यांच्या वापरानंतर

डेस्कफ्लो म्हणजे एकच कीबोर्ड-माउस नेटवर्कवरून अनेक कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर. ते घेतलं म्हणून मॉनिटर वाचत नाहीत, हे आधीच सांगतो. प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःची स्क्रीन लागतेच. वाचते ती टेबलावरची जागा आणि सारखा कीबोर्ड बदलण्याची कटकट. माझ्याकडे मध्ये विंडोजचा डेस्कटॉप, उजवीकडे लिनक्सचा लॅपटॉप, डावीकडे मॅक मिनी. कीबोर्ड-माउस डेस्कटॉपला, म्हणून तो सर्व्हर. बाकीचे दोन क्लायंट. पॉइंटर उजव्या कडेला नेला की सरळ लॅपटॉपवर उतरतो आणि टायपिंगही तिकडेच होऊ लागतं.

डेस्कफ्लोचं मूळ म्हणजे सिनर्जी हे सॉफ्टवेअर, २००१ सालचं. त्यातून २०१८ मध्ये बॅरियर निघालं, पुढे बॅरियरमधून इनपुट लीप. सिनर्जीची मुक्त (ओपन सोर्स) आवृत्ती २०२४ पासून डेस्कफ्लो नावाने फुकट मिळते. सगळी मशीन विंडोजची असतील तर पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या फुकट साधनसंचातलं माउस विदाउट बॉर्डर्स पुरे, ते चार कॉम्प्युटरपर्यंत चालतं. सगळं ॲपलचं असेल तर युनिव्हर्सल कंट्रोल आहेच. माझ्यासारखी खिचडी असेल तरच इकडे वळा.

वायफायवर पॉइंटर मधूनच अडखळायचा. डेस्कटॉप आणि मॅक मिनी राउटरला केबलने जोडले आणि प्रश्न मिटला. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करून ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी जोडणीच होत नाही. फायरवॉलमध्ये २४८०० हा पोर्ट मोकळा हवा, मॅकवर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी हवी. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र नाद सोडला: व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) सुरू केला की घरातलं नेटवर्क त्याला दिसतच नाही. शिवाय तिथे असलं काही टाकायचं तर आधी आयटीवाल्यांना विचारलेलं बरं.

सुरुवातीला वैताग आणला तो खिडकी बंद करायच्या फुलीने. ती वर उजव्या कोपऱ्यात, आणि उजवीकडेच लॅपटॉप. फुलीवर जायला गेलं की पॉइंटर पलीकडे पसार! सेटिंगमध्ये कोपरे बंद करण्याची सोय आहे, ती चालू केल्यावर सुटलो. स्क्रोल लॉक दाबला की पॉइंटर आहे त्याच स्क्रीनवर अडकून राहतो. आयुष्यात पहिल्यांदा ही कळ कामाला आली.

कॉपी केलेला मजकूर पलीकडे पेस्ट होतो, फाइल नाही. त्यासाठी शेअर्ड फोल्डर ठेवलाय. मराठी टायपिंगचं थोडं सांभाळावं लागतं. नुसती कोणती कळ दाबली एवढंच नाही, त्या कळीचं अक्षरही पलीकडे जातं. त्यामुळे डेस्कटॉपवर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला की लॅपटॉपवर भलतंच काहीतरी उमटतं. डेस्कटॉपवर इंग्रजी ठेवायचं आणि ज्या मशीनवर लिहायचंय तिथेच मराठी निवडायचं, हे मला जमून गेलंय.

जुना यूएसबी कीबोर्ड मात्र काढून टाकू नका. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) शिरायचं असेल किंवा लिनक्स चालू होण्याआधी डिस्कचा पासवर्ड द्यायचा असेल, तर तिथे डेस्कफ्लो अजून सुरूच झालेलं नसतं.