फोटोवरून आजी: ऑइल पेस्टल की ड्राय?

घरातल्या माणसाचं पोर्ट्रेट फोटोवरून करायचं ठरलं की दुकानात पहिली अडचण हीच येते. मी दोन्ही करून पाहिलंय. आधी ऑइल पेस्टलमध्ये आजी, मग ड्रायमध्ये, म्हणजे खडूसारख्या कोरड्या पेस्टलमध्ये, तीच आजी, त्याच फोटोवरून.

ऑइल पेस्टल शाळेपासून हाताला सवयीचे. धूळ उडत नाही, दोन खोल्यांच्या घरात हे सुख मोठं आहे. रंग भरदार बसतो. लुगड्याचा जरीकाठ मला अजून ऑइलमधलाच जास्त आवडतो.

अडलं ते ओठाच्या कोपऱ्याशी. आजीचा डावा कोपरा किंचित खाली ओढलेला होता. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत तो ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही. मी तो जरासा वर काढला. आई म्हणाली, "छान झालंय रे, पण ही माझी आई नाही वाटत." दुरुस्त करायला ब्लेडनं रंग खरवडला, तर तेल कागदात मुरलेलं. डाग राहिला, नवा रंग त्या गुळगुळीत जागेवर धरेना, आणि पांढरा लावावा तर खालच्या तपकिरीत मिसळून मातकट. दोन संध्याकाळी त्या कोपऱ्यावर गेल्या आणि आजी काही परत आली नाही.

साम्य पहिल्या फटक्यात येत नाही, निदान माझ्या हाताला तरी. ते दुरुस्त्यांतून येतं. ड्राय पेस्टलमध्ये डिंक नावापुरताच असतो, त्यामुळे राठ ब्रशनं झटकलं की बराचसा रंग निघून जातो आणि कागद पुन्हा रंग धरतो. दुसऱ्या चित्रात तो कोपरा मी चारदा झटकला. चौथ्यांदा आई म्हणाली, "रागावलीय. तीच आहे."

ड्रायचा जाच नाही असं नाही. पंखा बंद ठेवावा लागतो, बोर्ड उभा धरावा लागतो, म्हणजे भुकटी खाली पडते. भुकटी कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्यानं, म्हणजे फिक्सेटिव्हनं, उजळ रंग काळवंडतात. मी मधल्या थरांवर हलका फवारा मारतो, शेवटच्या थरावर नाही. फ्रेमची काच चित्राला टेकू नये म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. पण ऑइल पेस्टलमधलं तेलही वाळत नाही, तेव्हा माउंट तिथेही चुकत नाही. आणि रोझाल्बा कॅरिएरा या चित्रकर्तीनं 18व्या शतकात व्हेनिसमध्ये केलेली ड्राय पेस्टलची पोर्ट्रेट आजही बघायला मिळतात, म्हणून टिकण्याची फार काळजी मी करत नाही.

कागद करड्या-तपकिरी रंगाचा घ्या, मधली छटा आयती मिळते. कॅन्सन मी-तेंत हा पेस्टलचा कागद असेल तर चेहऱ्यासाठी बारीक पोताची बाजू. दुसरीवरची जाळी गालावर उमटते.

फोटो जुना कृष्णधवल असेल तर एक सांगतो. आजीच्या फोटोत कुंकू काळं दिसतं. त्या काळातल्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे ओठही काळपट आणि वर्णही होता त्याहून सावळा उतरतो. फोटोतली छटा जशीच्या तशी उचलू नका, ज्यांनी त्या माणसाला पाहिलंय त्यांना विचारा.

मुलांना सोबत घेऊन रंगवायचं असेल तर ऑइल घ्या, वाईट नाहीत. पण ज्याचं चित्र करायचं त्याला ओळखणारं कुणी घरात असेल, तर मी ड्रायच घेईन. सुरुवातीला 24 कांड्यांचा सेट पुरे. गेरू, गडद तपकिरी आणि एक निळसर करडा तेवढे सुटे घ्या.