प्रॉक्समॉक्सचा रिव्ह्यू, पण फक्त ‘सीपीयू टाइप’ या एका सेटिंगचा

प्रॉक्समॉक्स म्हणजे एका डब्यावर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवायचं सॉफ्टवेअर, आणि ‘सीपीयू टाइप’ म्हणजे व्हीएमला कुठला प्रोसेसर दाखवायचा ते सेटिंग. आधी मी त्याच्याकडे का वळलो ते सांगतो. एकाकडून (नाव नाही घेत) महिन्याच्या भाड्याने व्हीपीएस (म्हणजे त्यांच्या मशीनवरची एक व्हीएम) घेतला होता, त्यावर मॉंगोडीबी हा डेटाबेस टाकला तर सर्व्हिस सुरू व्हायच्या आत मरायची, कारण काय तर नुसतं ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’. सपोर्टवाला म्हणाला ओएस परत टाका. टाकलं, परत तेच. शेवटी एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर मॉडेलच्या जागी ‘क्यूईएमयू व्हर्च्युअल सीपीयू व्हर्जन २.५+’ आणि फ्लॅग्जच्या, म्हणजे प्रोसेसरला काय काय येतं त्याच्या यादीत एव्हीएक्सचा (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शन्सचा) पत्ताच नाही. मॉंगोडीबीला ५.० पासून एव्हीएक्स लागतंच, मग कुठून चालणार!

भानगड अशी आहे की गेस्ट ओएस, म्हणजे व्हीएमच्या आतली ओएस, ‘माझा प्रोसेसर काय काय करू शकतो’ हे सीपीयूआयडी नावाच्या इन्स्ट्रक्शनने विचारते, आणि व्हीएममधे त्याचं उत्तर खरा प्रोसेसर देत नाही, मधला हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) देतो. तो सांगेल ते खरं. गंमत म्हणजे सगळीच लपवाछपवी सारखी नसते. एईएस (एन्क्रिप्शन झटपट करणारं फीचर) लपवलं तरी ते इन्स्ट्रक्शन कोणी न विचारता चालवलं तर खालचा प्रोसेसर गुपचूप चालवून मोकळा होतो, पण ओपनएसएसएलसारखी शहाणी सॉफ्टवेअर आधी विचारतात आणि ‘नाही’ ऐकलं की हळू रस्त्याने जातात. एव्हीएक्सचं तसं नाही, त्याचे रजिस्टर ओएसला आधी चालू करून घ्यावे लागतात आणि तिथे हायपरवायझर खरंच आडवा येतो.

आता प्रॉक्समॉक्स. घरी जुना चौथ्या जनरेशनचा आय५ आणि एक आठव्या जनरेशनचा, असे दोन डबे आहेत. व्हीएमच्या हार्डवेअर टॅबमधे प्रोसेसरवर डबल क्लिक केलं की टाइपची मोठी यादी येते, कमांड पाठ करायची गरज नाही, हे मला प्रचंड आवडलं. आधी डिफॉल्ट केव्हीएम६४ होता, म्हणजे जवळपास पेन्टियम ४ च्या काळातला प्रोसेसर. २०२३ मधे आलेल्या ८.० पासून नवीन व्हीएमला ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ मिळतो, त्यावर अल्मालिनक्स ९ सारख्या ओएस सुखाने चालतात. पण यातही एव्हीएक्स नाही! मॉंगोडीबीवाल्यांनी सरळ ‘एक्स८६-६४-व्ही३’ निवडा, त्यात आहे, नाहीतर ‘होस्ट’. आणि जुनी व्हीएम अपग्रेडनंतरही केव्हीएम६४ वरच राहतात, ती हाताने बदला.

‘होस्ट’ म्हणजे खाली आहे तसाच प्रोसेसर वर दाखवायचा. स्पीडला एक नंबर, पण मी हावरटपणा करून सगळ्या व्हीएमना होस्ट लावलं आणि चालू व्हीएम नव्या डब्यावरून जुन्यावर लाइव्ह मायग्रेट केलं, म्हणजे बंद न करता हलवलं. पोचलं, आणि दगड. कन्सोलवर काही नाही, एक कोअर १०० टक्क्यावर. चूक माझीच, ओएसने बूट होताना जे फीचर आहेत म्हणून ऐकलं होतं ते पलीकडे नव्हतेच, आणि बिचारी परत थोडीच विचारणार. डॉक्युमेंटेशनमधे हे स्पष्ट लिहिलंय, वाचतं कोण. आता व्ही३ ठेवलंय, त्याला लागणारं एव्हीएक्स२ (एव्हीएक्सची पुढची आवृत्ती) दोन्ही डब्यांत आहे त्यामुळे इकडून तिकडे निवांत जातं.

पाचपैकी चार. एक कापला कारण त्या यादीत हॅसवेल, स्कायलेक, एपिक अशी नावांची रांग आहे पण कुठल्यात काय आहे आणि काय नाही हे तिथल्या तिथे दिसत नाही, दुसरी टॅब उघडून शोधावं लागतं. सबस्क्रिप्शनचा पॉपअप प्रत्येक लॉगिनला येतो, फुकट वापरतोय तर तेवढं चालायचंच.

आणि हो, टाइप बदलल्यावर आतून रिबूट करून उपयोग नाही, व्हीएम पूर्ण बंद करून परत स्टार्ट करायचं. मी तीनदा रिबूट करून एव्हीएक्स आलं का ते ग्रेप कमांडने शोधत बसलो होतो.